गुंठाभर परसबाग, वर्षभर भाजी

दिवाळीच्या सुमाराला महाराष्ट्रात भाजीचा वाफा करण्यासाठी वर्षातला सर्वांत चांगला काळ सुरू होतो. परतीचा पाऊस ओसरलेला असतो, जमिनीत ओल असते, ऑक्टोबरचा चटका उतरणीला लागलेला असतो आणि रात्री गार होऊ लागतात. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, कोबी, वाटाणा, लसूण या सगळ्यांना हीच हवा मानवते. पावसाळ्यात तणाशी आणि बुरशीशी झगडावे लागते, उन्हाळ्यात पाण्याशी. हिवाळा मात्र नवख्या माणसाला सांभाळून घेतो. ज्यांच्या घरामागे, बंगल्याच्या कडेला किंवा गावच्या परसात थोडी मोकळी जमीन आहे, त्यांनी हा मुहूर्त दवडू नये.

जमीन एक गुंठा धरू या. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. प्रौढ माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौघांच्या घरात हे रोजचे १६०० ग्रॅम होतात. एवढे सगळे एका गुंठ्यातून रोज निघेलच असे नाही. पण नीट आखणी केली तर या गरजेचा मोठा वाटा परसातूनच भागतो.

ती आखणी नेमकी कुठे चुकते? उत्साहाच्या भरात अख्खा वाफा एकाच दिवशी मेथीने भरला जातो. महिन्याभराने सगळ्या जुड्या एकदम काढणीला येतात, शेजारीपाजारी वाटून होतात आणि नंतर वाफा रिकामा पडून राहतो. शेतकऱ्याला माल एकदम हवा असतो, कारण तो बाजारात न्यायचा असतो. घराला रोज थोडे हवे असते. म्हणून थोडे पेरायचे आणि पेरत राहायचे, हे परसबागेचे मुख्य सूत्र. पुढचे सारे तपशील या एका गोष्टीसाठी आहेत.

ऊन आधी, वाफे नंतर

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून त्यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या बांधावर प्रयोग करायला आणि पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब ठेवायला शिकवले. परसबागेतही पहिला हिशेब उन्हाचाच. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि वेलभाज्यांना दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागते. पालेभाज्या तीन-चार तासांच्या उन्हावरही येतात. अळू आणि हळद थोडी सावली सोसतात. कुदळ हातात घेण्यापूर्वी एक सुट्टीचा दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावल्या कुठे पडतात ते पाहून ठेवा.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या उत्तरेला लांब पडतात. त्यामुळे उंच वाढणारे सारे काही उत्तरेच्या कडेला लावावे. गुंठ्यातली उत्तरेची आठ फुटांची पट्टी झाडांना आणि वेलांच्या मांडवाला द्या. उरलेल्या ३३ बाय २५ फुटांत ३ फूट रुंद आणि १० फूट लांब असे सात-सात वाफ्यांचे दोन पट्टे बसतात. मध्ये दीड फुटाच्या पायवाटा राहतात. वाफा तीन फुटांहून रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचला पाहिजे, म्हणजे मातीवर पाय द्यावा लागत नाही आणि ती दबत नाही.

या १४ वाफ्यांची हिवाळ्यातली वाटणी अशी करता येते: चार पालेभाज्यांना, तीन मुळा-गाजर-बीट आणि कांदा-लसणाला, तीन टोमॅटो-वांगी-मिरचीला, दोन कोबी-फ्लॉवरला आणि दोन वाटाणा-घेवड्याला.

मातीची ओळख

देशावरची काळी माती पाणी धरून ठेवते. पाऊस लांबला की मुळे गुदमरतात आणि ऊन वाढले की भेगा पडतात. अशा जमिनीत अर्धा-पाऊण फूट उंचीचे गादीवाफे करावेत. काळ्या मातीत ओल असताना कुदळ घातली तर दगडासारखी ढेकळे निघतात, म्हणून वाफसा येऊ द्यावा. मूठभर माती दाबून खाली टाकली आणि ती सहज फुटली, तर वाफसा आला असे समजावे. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या लाल मातीचे उलटे असते. पाणी झरझर निघून जाते आणि पावसाबरोबर अन्नद्रव्येही वाहतात. तिथे शेणखत आणि पालापाचोळा जितका घालाल तितका थोडा.

भाजीपाल्याला एकरी दहा टन शेणखत द्यावे असे धरले, तर गुंठ्याला २५० किलो येते. ३० चौरस फुटांच्या एका वाफ्याला सुमारे सात किलो, म्हणजे एक घमेले. नवे पीक घेण्यापूर्वी दर वेळी एवढे खत मातीत मिसळावे. खत पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या शेणाने हुमणीला आणि वाळवीला आमंत्रण मिळते.

खत विकत घेत बसण्यापेक्षा कोपऱ्यात तीन फूट लांब-रुंद-उंच ढीग रचा. वाळका पाला, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्यावर थोडे शेण किंवा जुने खत असे थर द्या आणि ढीग ओलसर ठेवा. पंधरा-वीस दिवसांनी वरचे खाली करा. तीन-चार महिन्यांत काळेभोर, मातीच्या वासाचे खत तयार होते.

हप्त्याने पेरणी

पालेभाज्यांच्या चार वाफ्यांचे प्रत्येकी दोन असे आठ तुकडे पाडा आणि दर आठवड्याला एकच तुकडा पेरा. मेथी चार आठवड्यांत उपटायला येते, कोथिंबीर सहा आठवड्यांत. पालकाची पहिली कापणी महिन्याने होते आणि नंतर तो तीन-चार वेळा फुटतो. आठवा तुकडा पेरून होईपर्यंत पहिला मोकळा झालेला असतो. त्यात अर्धे घमेले खत मिसळायचे आणि फेरी पुन्हा सुरू करायची. भाजी एकदम अंगावर येत नाही आणि ताटातून कधी गायबही होत नाही.

बियाण्याचे काही बारकावे सांभाळावेत. धने तसेच पेरू नयेत. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून त्यांच्या दोन फोडी कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेराव्यात. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावे. त्याहून खोल गेले तर कोंब वर येताना दमतो. मुळा आणि गाजर जागेवरच पेरावे, कारण उपटून लावले की मूळ फाटे धरते. उगवण दाट झाली तर विरळणी करायला कचरू नका; मुळ्याची काढलेली रोपे कोशिंबिरीत जातात. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून चार-चार इंचांवर टोचाव्यात. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी आणि कांद्याची रोपे आधी तयार करावी लागतात. चार ते सहा आठवड्यांची रोपे उन्हे उतरल्यावर लावावीत आणि लगेच पाणी द्यावे.

टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली पिके आहेत. त्यांचे रोगही बरेचसे एकच. ज्या वाफ्यात यंदा वांगी होती, तिथे पुढच्या हंगामात वाटाणा, घेवडा किंवा चवळी घ्या. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत स्थिर करतात, त्यामुळे जमिनीचा कस टिकतो.

वेलांचे वेळापत्रक

जानेवारी-फेब्रुवारीत थंडी कमी झाली की काकडी, दुधी, दोडका, भेंडी, गवार आणि लाल माठ पेरावा. पावसाच्या तोंडावर कारली, पडवळ, घोसाळी, लाल भोपळा, वाल, अळू आणि हळद लावावी.

वेलाला कळ्या येतात, पण फळ पिवळे पडून गळते, ही नेहमीची तक्रार. त्यामागे बहुतेक वेळा रोग नसतो, परागीभवन झालेले नसते. या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. पाकळ्यांखाली इवलेसे फळ दिसते ते मादी फूल. मधमाश्या कमी असतील तर ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून त्याचे केसर मादी फुलावर हलके फिरवावे. काकडी, कारले, भोपळा आणि घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी फुलतात. त्यांचे काम दिवेलागणीलाच करावे लागते.

थोडीच झाडे, पण निवडून

गुंठ्यात आंबा आणि चिंच लावू नये. दहा वर्षांत सगळे ऊन त्यांच्या मालकीचे होते. उत्तरेच्या पट्टीत एक शेवगा, एक कागदी लिंबू, एक पेरू, दोन पपया आणि एक कढीपत्ता पुरे. शेवग्याचे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोकण रुचिरा’ हे वाण चांगले. रोप तीन फुटांचे झाले की शेंडा खुडावा आणि दरवर्षी शेंगा संपल्यावर छाटणी करावी, म्हणजे शेंगा हाताला येतात. पेरूचे ‘सरदार’ म्हणजेच ‘लखनौ ४९’ हे वाण पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात निवडले गेले. लिंबासाठी राहुरीच्या विद्यापीठाचे ‘साई सरबती’ पाहावे. फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. पपईच्या ‘तैवान ७८६’ सारख्या वाणात नर झाडे निघत नाहीत, त्यामुळे दोनच झाडे लावली तरी फळाची खात्री असते. पपईच्या बुंध्याशी पाणी साचता कामा नये. केळी आणि अळू मात्र मोरीच्या पाण्यावर खुशाल वाढतात.

पाणी आणि कीड

वाफ्याचा वरचा इंचभर थर सुकला की पाणी द्यावे, सकाळी द्यावे आणि मुळांशी द्यावे. संध्याकाळी पाने भिजवली तर बुरशी वाढते. फेब्रुवारीपासून वाफ्यांवर उसाचे पाचट किंवा वाळका पाला चार बोटे जाड पसरावा. वेलांच्या आळ्यात मातीचे कोरे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. माती सुकेल तसे पाणी पाझरत राहते.

किडींसाठी रोज सकाळची दहा मिनिटांची फेरी हे सर्वांत भरवशाचे औषध. वांग्याचा शेंडा मान टाकलेला दिसला की आत अळी आहे असे समजून तो खुडून नष्ट करावा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असतो. ते झाड उपटून टाकावे. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क घरीच करता येतो. अर्धा किलो वाळक्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून एकूण दहा लिटर पाणी करावे, त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि संध्याकाळी फवारावे. वाफ्यांच्या कडेने झेंडू लावावा. मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना तो आवरतो.

बी घरचे ठेवा

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाल, घेवडे आणि भाज्यांचे बियाणे जमवून बीजबँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचा धडा प्रत्येक परसबागेला लागू आहे. सगळ्यांत जोमदार झाडाची चांगली फळे खायला न तोडता बियाण्यासाठी राखा. वाल, मेथी आणि टोमॅटो यांचे बी सुरुवातीला सोपे जाते. टोमॅटोचा गर दोन दिवस आंबवून, बी धुऊन सावलीत वाळवा. शेंगा वेलावरच वाळू द्या. बी राखेत घोळून कोरड्या डब्यात ठेवा. संकरित वाणाचे बी मात्र ठेवू नका, पुढच्या पिढीत ते मूळ गुण धरत नाही.

संपूर्ण गुंठा एकाच हिवाळ्यात उभा करण्याची घाई करू नका. येत्या रविवारी दहा फुटांचा एकच वाफा करा, त्यात घमेलेभर खत मिसळा आणि अर्ध्या भागात मेथी पेरा. पेरणीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा. त्याच्या पुढच्या रविवारी उरलेल्या अर्ध्यात रगडलेले धने पेरा, आणि हा आठवड्याचा नेम वर्षभर मोडू देऊ नका.