ही वाट कोणी पाडली?

पावसाळा सुरू झाला की आमच्या कशेळ्याच्या नाक्यावर मुंबईच्या मोटारींची रांग लागते. कर्जत-मुरबाड रस्ता सोडून त्या आंबिवलीकडे किंवा खांडसकडे वळतात. इकडे पेठचा किल्ला, तिकडे भीमाशंकरची कड, मध्ये धबधबे. या मंडळींत कधी कधी चित्रकारही असतात. बांधावर बसून ते जलरंगात डोंगर उतरवतात आणि ती चित्रे पुढे शहरातल्या एखाद्या कलादालनात लागतात. अशाच एका निसर्गचित्रांच्या प्रदर्शनाला मी आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. एका चित्रात हिरवा डोंगर होता, धुके होते आणि वर चढत गेलेली एक तांबडी पाऊलवाट होती. एक कातकरी विद्यार्थिनी त्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "सर, ही वाट कोणी पाडली?"

मला उत्तर ठाऊक होते. माझी आई अशाच वाटेने मोळी आणीत असे. एकदा रखवालदाराने तिचा कोयता काढून घेतला आणि तो सोडवून आणण्यात तिची दोन दिवसांची मजुरी बुडाली. त्या वाटेला सौंदर्य असते हे मला प्रथम कळले ते मराठीच्या पाठ्यपुस्तकातून. ते खोटे होते असे मी म्हणत नाही. धुक्यातला डोंगर मलाही सुंदर दिसतो. प्रश्न असा आहे की, वाट चित्रात येते आणि ती पाडणारी माणसे चित्राबाहेर राहतात, हे का आणि कसे घडते?

याची पाळेमुळे राष्ट्रीय उद्यानाच्या कल्पनेतच आहेत. ही कल्पना मुळात एका चित्रकाराची. १८३२ साली अमेरिकेत जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने सुचवले की, जनावरे आणि मूळ रहिवासी दोघांनाही सामावणारे एक मोठे राष्ट्राचे उद्यान राखून ठेवावे. माणसे त्याच्या कल्पनेत होती, पण बघण्याची वस्तू म्हणून. पुढे तेवढी जागाही त्यांना उरली नाही. १८७१ साली थॉमस मोरान हा चित्रकार सरकारी पाहणी पथकाबरोबर यलोस्टोनला गेला. त्याची चित्रे आणि त्याच पथकातल्या विल्यम हेन्री जॅक्सनची छायाचित्रे अमेरिकन काँग्रेसपुढे आली, आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच वर्षी मोरानचे यलोस्टोनच्या दरीचे भव्य चित्र काँग्रेसने दहा हजार डॉलरना विकत घेतले. पुढच्या काही वर्षांत तिथे राहणाऱ्या शोशोनी लोकांना मात्र हलवण्यात आले. योसेमिटीच्या खोऱ्यात तर १८५१ सालीच सशस्त्र तुकडी घुसली होती. तिने हुसकावलेल्या लोकांच्या त्या खोऱ्यात हॅरी बेस्ट या चित्रकाराने १९०२ साली आपला स्टुडिओ उघडला. तोच आज अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स गॅलरी म्हणून राष्ट्रीय उद्यानाच्या आत उभा आहे आणि त्यात निर्मनुष्य निसर्गाची अप्रतिम छायाचित्रे लागतात. ती दरी निर्मनुष्य नव्हती, ती तशी करण्यात आली, हे त्या छायाचित्रांवरून कोणाला कळणार?

आपल्याकडे हे उसने आले, पण रुजायला जमीन तयार होती. १९२७ पूर्वी कोणी महाडच्या चवदार तळ्याचे निसर्गचित्र काढले असते, तर त्यात पाणी आले असते, काठची झाडे आली असती. त्या पाण्याला कोणाचा हात लागू शकत नाही हे मात्र आले नसते. जनावराने प्यालेले पाणी चित्रात शोभून दिसले असते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्या चित्रात प्रथमच माणूस आला असे म्हणता येईल.

वारली चित्रकलेचे उदाहरण याच संदर्भात पाहावे. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढणे हे सुवासिनींचे काम. चौकात पालघट देवी बसते. हे निसर्गाचे 'दर्शन' नव्हे. पेरणी, लग्न, देव, उंदीर, झाड यांचा तो एकच संसार आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी ही कला बाहेर आणली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे ती कागदावर काढू लागले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. पॅरिसपर्यंत त्यांची चित्रे गेली. पण जमीन देण्याचे त्यांना मिळालेले आश्वासन पुरे व्हायला तीन दशकांहून अधिक काळ लागला, हे वृत्तपत्रांतून आलेलेच आहे. भिंतीवरून कागदावर येताना कला बायकांच्या हातून बरीचशी पुरुषांच्या हाती गेली, याचीही चर्चा आपण फारशी करीत नाही.

आता कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसांच्या भिंतींवर तीच माणसे तारप्याभोवती फेर धरून नाचताना दिसतात. ती बहुधा शहरातला पेंटर प्लॅस्टिक पेंटने काढून जातो. खालची फरशी पुसणारी बाई ठाकूरवाडीची असते.

आणि कातकरी? त्यांची चित्रकला दालनात का नाही, असे मला एका सहकाऱ्याने विचारले. चित्राला आधी भिंत लागते. खैरापासून काथ करणारे म्हणून ज्यांना हे नाव पडले, त्यांच्या हातून १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातला खैर गेला. मग कोळसाभट्टी आली, वीटभट्टी आली. आजही दिवाळी झाली की वाडीतली कित्येक कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथल्या खोपीच्या भिंती कच्च्या विटांच्या असतात; हंगाम संपला की त्या मोडतात. लाखो विटा थापणाऱ्याला स्वतःची भिंत नाही.

निसर्ग राखू नये असे कोणी म्हणत नाही. १९८५ साली भीमाशंकरचे सुमारे १३१ चौरस किलोमीटर रान अभयारण्य झाले, ते झाले नसते तर तिथेही बंगले उठले असते. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने जे मान्य केले, की रान आणि रानातली माणसे यांचा विचार एकत्र व्हावा, ते आपल्या सौंदर्यदृष्टीने अजून मान्य केलेले नाही. कायदा बदलला, डोळा तोच राहिला.

यंदा आमच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी काढलेल्या निसर्गचित्रांचे प्रदर्शन आहे. त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही असे ठरवले की, प्रत्येक चित्राखाली जागेचे नाव, जवळच्या वाडीचे नाव आणि तिथल्या वनहक्काच्या दाव्याची स्थिती लिहायची. पहिल्याच चित्राला तीन दिवस लागले. दावा कुठे अडकला आहे, हे तीन ठिकाणी तीन प्रकारे सांगण्यात आले. तेव्हा मुलांनी त्या चित्राखाली तिन्ही उत्तरे लिहिली आहेत.