टेस्टचे मार्क आणि लेकीचं इंग्रजी

बारावीचा निकाल लागतो, सिन्नरच्या पोरी एस.टी.नं नाशिकच्या कॉलेजला जाऊ लागतात आणि घरोघरी आईला एकच घोर लागतो, ‘हिला इंग्रजी झेपेल ना?’ आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या आयांना तर हा घोर जास्तच!

त्यातच काही ठिकाणी सुरुवातीलाच ‘प्लेसमेंट टेस्ट’ घेतात. मैत्रिणींनो, नावावरून ही नोकरीची परीक्षा समजू नका. मुलीला इंग्रजी कितपत येतं ते पाहून तिला कुठल्या वर्गात बसवायचं, एवढंच यात ठरतं. इथे पास-नापास नसतं.

पण या मार्कांवरून पुढचं भाकीत करता येतं का? अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधनात २०१२ मध्ये हेच तपासलं गेलं. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत इंग्रजीची टेस्ट दिलेल्या साधारण दर तीन मुलांमागे एकाचा वर्ग सपशेल चुकला होता. वरचा वर्ग सहज जमला असता अशी कितीतरी मुलं खालच्या वर्गात अडकली होती. शाळेतले मार्क पाहिले तर ही चूक कमी होते, असंही दिसलं. कॅलिफोर्नियात तर २०१७ मध्ये तसा कायदाच झाला.

कारण साधं आहे. तासाभराच्या टेस्टमध्ये बहुधा व्याकरण आणि रिकाम्या जागा असतात. कॉलेजात मात्र लेक्चर समजावं लागतं, नोट्स काढाव्या लागतात, चारचौघांत उभं राहून बोलावं लागतं. शिवाय मुलीची चिकाटी टेस्टमध्ये दिसत नाही. वर्षानुवर्षांच्या शाळेच्या मार्कांत ती थोडीफार उतरते.

म्हणून टेस्ट टाकाऊ ठरत नाही. काहीच न पाहता अवघड वर्गात बसवलं, तर पोर गप्पच होते.

तेव्हा लेकीला खालचा वर्ग मिळाला तर रागावू नका, ‘तुला जमणारच नाही’ असं तर मुळीच म्हणू नका. कॉलेजात जाऊन सरांना किंवा मॅडमना तीन गोष्टी विचारा : टेस्टमध्ये बोलणं-ऐकणं होतं का? बारावीचे मार्क पाहिले का? प्रगती झाली तर वर्ग बदलून मिळेल का? हे विचारायला इंग्रजी यावं लागत नाही. आपली मराठी पुरते!