मानेत नर्व्ह ब्लॉक घेतलाय? कोणते लक्षण साधे, कोणते धोक्याचे?

जिवती : माणिकगड डोंगरावरील जिवती तालुक्यातील रुग्णांना खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा जुनाट मानदुखीच्या उपचारासाठी चंद्रपूर, नागपूर गाठावे लागते. तेथे अनेकदा मानेत ‘नर्व्ह ब्लॉक’चे इंजेक्शन दिले जाते. त्यानंतरची काही लक्षणे अपेक्षितच असतात. काहींमध्ये मात्र एकेक मिनिट मोलाचे ठरते. घाट चढून गावी परतणाऱ्यांनी हा फरक रुग्णालय सोडण्यापूर्वीच समजून घ्यायला हवा.

नर्व्ह ब्लॉक म्हणजे काय?
खांद्याकडे व हाताकडे जाणाऱ्या नसा मानेतून निघतात. त्यांच्याभोवती बधिर करणारे औषध सोडले की वेदना काही तास मेंदूपर्यंत पोहोचत नाही. हातात उतरणाऱ्या मानदुखीत मणक्याजवळ स्टेरॉईडही दिले जाते.

धोका कशामुळे?
मानेतील जागा अरुंद. त्यातच मेंदूला रक्त नेणारी धमनी, मज्जारज्जू आणि श्वासपटल हलवणारी नस असते.

काय तात्पुरते असते?
- त्या बाजूची पापणी उतरणे, डोळ्याची बाहुली बारीक होणे
- आवाज बसणे
- किंचित धाप : नेहमीच्या मात्रेत खांद्यासाठी ब्लॉक दिल्यास जवळपास प्रत्येक रुग्णात त्या बाजूचे श्वासपटल काही तास सैल पडते. निरोगी व्यक्तीला ते सहसा जाणवत नाही. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असल्यास मात्र आधीच सांगा.

गंभीर काय?
- औषध धमनीत गेल्यास थोड्या मात्रेनेही लगेच झटके येऊ शकतात. जीभ बधिर होणे, कानात आवाज येणे ही पूर्वसूचना असू शकते.
- औषध मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गेल्यास हातपाय लुळे पडून श्वास थांबू शकतो.
- स्टेरॉईडचे कण बारीक धमनीत अडकल्यास पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये मणक्यातील स्टेरॉईड इंजेक्शनबाबत असा इशारा दिला. म्हणून मानेत कणविरहित डेक्सामेथासोनला पसंती दिली जाते.

पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाला सुई टोचताना कळ आली तरी सांगता येत नाही. अशा स्थितीत खांद्यासाठी ब्लॉक दिलेल्या चार रुग्णांच्या मज्जारज्जूला कायमची इजा झाल्याची नोंद २००० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे प्रौढांना हा ब्लॉक शक्यतो जागेपणी दिला जातो. नसेला कायमची इजा होणे दुर्मीळ असून, १० हजारांत सुमारे २ ते ४ असे प्रमाण सांगितले जाते.

डॉक्टरांना काय विचारावे?
- सुई सोनोग्राफी किंवा एक्स-रे यंत्रावर पाहून देणार का?
- औषध रक्तात गेल्यास लागणारे २० टक्के लिपिड इमल्शन आणि ऑक्सिजन जवळ आहे का?
- रात्री त्रास झाल्यास फोन कोणाला करायचा?

रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास ती माहितीही द्या.

घरी परतल्यावर
बधिर हात झोळीत ठेवा, चुलीपासून दूर ठेवा. भाजले तरी कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतरही हात उचलत नसेल तर कळवा. धाप वाढणे, बोलणे अडखळणे, पाय लटपटणे किंवा झटके आल्यास सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. शक्य असल्यास पहिली रात्र रुग्णालयाजवळच काढा.