गाडी एका बाजूला का कलते?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असे करीत लातूरला जाताना दोन्ही बाजूंना काळी माती दिसते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया पक्का नसेल तर तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा उंचसखल होतो. अशा रस्त्यावर गाडीचे पोट घासू नये म्हणून काही जण मूळ स्प्रिंगा काढून, उंची कमीजास्त करता येईल अशा स्प्रिंगा बसवून घेतात. यात शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवर आटे असतात आणि आट्यांवर फिरणाऱ्या चकतीवर स्प्रिंग टेकलेली असते. चकती वर चढवली की गाडीचा तो कोपरा उचलला जातो. पण काम संपवून पाहावे तो गाडी कललेली, डावा पुढचा कोपरा बोटभर खाली!

मग डावी पुढची चकती आणखी फिरवावी, एवढेच ना? नाही. आधी घरातली बाज आठवा. तिपाई कशाही जमिनीवर न डुगडुगता उभी राहते, कारण तीन बिंदूंतून एक प्रतल नेहमी जाते. बाजेला चार पाय असतात. एक खुंटा आखूड असला की ती डुगडुगते. गाडीलाही चार पाय आहेत. फक्त ते स्प्रिंगांचे असल्यामुळे गाडी डुगडुगत नाही. दोष स्प्रिंगांत लपून राहतो.

तो कसा लपतो ते पाहू. रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली मांडलेला नियम तुम्ही शिकला आहात : स्प्रिंगेची लांबी जेवढी बदलते, त्या प्रमाणात तिचे बल बदलते. समजा, आपल्या चारही स्प्रिंगा सारख्या आहेत आणि प्रत्येक १ मिलिमीटर दाबायला २ किलोग्रॅम भार लागतो. डावी पुढची चकती २० मिलिमीटर वर चढवली. तो कोपरा २० नव्हे, १५ मिलिमीटरच उचलला जातो. उजवा पुढचा आणि डावा मागचा कोपरा प्रत्येकी ५ मिलिमीटर वर येतो, आणि उजवा मागचा चक्क ५ मिलिमीटर खाली जातो! गाडीचा सांगाडा ताठ असल्याने समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या उंचीबदलाची बेरीज दोन्ही कर्णांवर सारखीच यावी लागते. १५ उणे ५ म्हणजे १०, आणि ५ अधिक ५ म्हणजेही १०. पडताळा जुळतो.

आता भार पाहा. डावी पुढची व उजवी मागची स्प्रिंग ५ मिलिमीटर जास्त दबली, म्हणून त्या चाकांवर प्रत्येकी १० किलोग्रॅम भार वाढला. उरलेल्या दोन चाकांवरचा तेवढाच घटला. पुढच्या दोन चाकांची बेरीज मात्र पूर्वीइतकीच, डाव्या बाजूचीही तेवढीच. १० किलोग्रॅम फार नव्हेत. पण चकती तीन-चार वेळा अशीच चढवत गेले तर फरक लक्षात येण्याजोगा होतो. चाकाचे घर्षण त्यावरील भारावर अवलंबून असते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की हलके झालेले उजवे पुढचे चाक आधी घसरते व गाडी डावीकडे ओढली जाते. दिसायला सरळ असलेली गाडीही अशी ओढू शकते, आणि मला तर हीच बाब कलण्यापेक्षा गंभीर वाटते.

घरी प्रयोग करा. गुळगुळीत फरशीवर चौपाई स्टूल ठेवा. एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा आणि बाकी तिन्ही पायांखाली कागदाच्या पट्ट्या घाला. कर्णावरच्या पायाखालची पट्टी घट्ट बसते, उरलेल्या दोन सहज निघतात.

म्हणून चकतीला हात लावण्यापूर्वी चांगला मिस्त्री इतर गोष्टी पाहतो. रस्त्याच्या कडेला उतार असतो, अंगणातली काळी माती खचलेली असते. तेव्हा जागा समतल हवी. चारही चाकांत योग्य हवा हवी. जॅकवरून उतरवलेली गाडी थोडी पुढे-मागे ढकलावी, म्हणजे स्प्रिंगा बसतात. रबरी बुशांचे बोल्ट चाके लोंबकळत असताना आवळले असतील तर रबराला पीळ राहतो व तोच गाडीचा कोपरा वर धरून ठेवतो. ते ढिले करून, भार चाकांवर असताना आवळावेत. दोन चाकांना जोडणारी आडवी सळई सोडवून ठेवावी. मोजमाप चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत घ्यावे, आणि चालक उजवीकडे बसलेला असावा.

तरीही गाडी कलली तर दोष पुढचा की मागचा? मागच्या चाकांना अडण लावून, पुढचा भाग बरोबर मध्यभागी जॅकने उचलावा. आता गाडी तिपाई झाली! कल नाहीसा झाला तर दोष पुढे, राहिला तर मागे. (जॅकवरच्या गाडीखाली तुम्ही मात्र कधीही शिरू नका.)

आणि चकत्या फिरवायच्याच झाल्या तर चारही फिरवाव्यात. वरच्या उदाहरणात डावी पुढची १५ मिलिमीटर वर, उजवी पुढची आणि डावी मागची प्रत्येकी ५ वर, उजवी मागची ५ खाली. गाडी पूर्वीच्याच उंचीवर येते, पण एकाही स्प्रिंगेची लांबी बदलत नाही. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले तर त्यांचे आकडेही जागचे हलत नाहीत.