‘टीबी गोल्ड’ पॉझिटिव्ह आली म्हणजे काय?

(लेखांक ७)

पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाच्या प्रथिनांतून एकमेकींना निरोप धाडतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. रक्तात ही प्रथिनं इतकी विरळ असतात की ती पिकोग्रॅममध्ये मोजावी लागतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतकं बारीक मोजलेला आकडा रिपोर्टवर छापून आला की वाचणाऱ्याचा त्यावर चटकन विश्वास बसतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे असा घोळ सर्वांत जास्त कुठे होत असेल, तर इग्रा चाचणीत. लोकांच्या तोंडी ती ‘टीबी गोल्ड’.

या चाचणीत क्षयाचा जंतू शोधतच नाहीत. शोधतात ते इंटरफेरॉन गॅमा हे सायटोकाइन. रक्त चार नळ्यांत घेतात, प्रत्येकीत साधारण एक मिलिलिटर. दोन नळ्यांच्या आतल्या भिंतीवर क्षयजंतूच्या प्रथिनांचे तुकडे लावलेले असतात, म्हणून रक्त घेतल्यावर त्या नीट हलवाव्या लागतात. मग नळ्या ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवतात. पेशींची या जंतूशी पूर्वी गाठ पडली असेल, तर त्या तुकडे ओळखून इंटरफेरॉन गॅमा सोडतात. तुकडेही विचारपूर्वक निवडलेले आहेत. ती प्रथिनं बीसीजी लशीतल्या जंतूत नसतात. जन्मतःच बीसीजी टोचणाऱ्या आपल्या देशात हा मोठा फायदा, कारण जुन्या मँटू चाचणीला लशीमुळेही सूज येऊ शकते.

पुढचं काम एलायझाचं. प्लास्टिकच्या प्लेटवर ९६ खळगे, प्रत्येकाच्या तळाला इंटरफेरॉन गॅमा पकडणारी अँटीबॉडी चिकटवलेली. त्याच प्रथिनाला दुसऱ्या जागी धरणारी आणखी एक अँटीबॉडी असते आणि तिला एन्झाइम जोडलेलं असतं. दोघींनी दोन बाजूंनी धरलं तरच प्रथिन मोजणीत येतं. टेक्निशियन प्लेट पुन्हा पुन्हा धुतो. हे धुणं मला सगळ्या कृतीतलं सर्वांत नाजूक काम वाटतं, कारण न चिकटलेलं एन्झाइम खळग्यात राहिलं तर नसलेलं प्रथिनही दिसू लागतं. मग रंगद्रव्य घातलं की खळगे निळे होतात, आम्ल घातलं की पिवळे, आणि यंत्र त्या पिवळेपणावरून आकडा काढतं.

उरलेल्या दोन नळ्यांशिवाय या आकड्याला काहीच अर्थ नाही. एकीत काहीही नसतं. रक्तात आधीपासून किती इंटरफेरॉन गॅमा आहे ते तिच्यावरून कळतं आणि तेवढा आकडा वजा करतात. दुसरीत पेशींना हमखास चेतवणारा पदार्थ असतो. त्यालाही पेशींनी दाद दिली नाही, तर जंतूच्या तुकड्यांपुढे त्या गप्प राहिल्या यावरून निष्कर्ष काढता येत नाही. प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्या रुग्णांत असं होतं, रक्त लॅबमध्ये उशिरा पोचलं तरी होतं.

पॉझिटिव्हची सीमा ०.३५ युनिट. ०.३३ निगेटिव्ह, ०.३७ पॉझिटिव्ह. त्याच माणसाची चाचणी पुन्हा केली तर एवढा फरक सहज पडतो, त्यामुळे सीमेजवळच्या रिपोर्टवर कुणी घाबरून जाऊ नये.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जंतू शरीरात सुप्त आहे की त्याने आजार केला आहे, हे ही चाचणी सांगू शकत नाही. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात पडताच ‘टीबी झाला’ म्हणून घर हवालदिल होतं, हे मला फार लागतं. भारतात असंख्य निरोगी माणसांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल. उलट, प्रत्यक्ष आजारी माणसाचा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून खोकला, ताप आणि घटतं वजन असताना केवळ निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त राहणं धोक्याचं. जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने क्षयाच्या अँटीबॉडी चाचण्यांवर बंदी घातली, ती असल्याच चुकीच्या निदानांमुळे. इग्रावर बंदी नाही, पण तिचं काम वेगळं आहे.

आजार आहे का हे पाहायला छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी हवी. थुंकीसाठी सीबीनॅट आहे, गोव्याच्या कंपनीने बनवलेली ट्रूनॅट आहे. त्यांत काही निघालं नाही आणि घरात क्षयाचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना प्रतिबंधक उपचारांबद्दल विचारावं. त्यातल्या एका पद्धतीत आठवड्यातून एकदाच औषध घ्यायचं असतं, असे एकूण बारा डोस.