समुद्राची मोजणी आणि शिरोलीचा रस्ता

पावसाळा आला की राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा कोल्हापुरात घरोघरी विचारला जातो. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात ही पातळी ५५ फुटांच्या आणि २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या वर गेली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. शिरोली एमआयडीसीतील फौंड्र्यांचा कच्चा माल येतो आणि ओतीव भाग बाहेर जातात ते याच रस्त्याने.

शिरोलीतून समुद्र दिसत नाही. पण सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसाचे बाष्प नैर्ऋत्येचे वारे समुद्रावरूनच आणतात. त्या समुद्राची मोजणी आज होत नाही असे नव्हे. ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय योजनेचे सुमारे ४,००० तरते मापक जगातील महासागरांत फिरत असून, दर १० दिवसांनी २,००० मीटर खोलीवरून वर येताना ते पाण्याचे तापमान व क्षारता टिपतात. त्यांचे आकडे बहुधा २४ तासांच्या आत कोणासही विनामूल्य मिळतात. आपल्याकडे १९९९ साली स्थापन झालेली हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था हे काम पाहते आणि मासे कोठे मिळण्याचा संभव आहे हे मच्छीमारांस त्यांच्या भाषेत कळविते. मच्छीमारास जे मिळते ते जिल्हाधिकाऱ्यास, पाटबंधारे खात्यास आणि कारखानदारास का मिळू नये?

कारण मोजणी आणि निर्णय यांच्यामधला दुवा अद्याप कच्चा आहे. समुद्राचे तापमान जमेस धरून हवामान खाते एप्रिलमध्ये हंगामाचा अंदाज देते. लोकांपर्यंत पोचतात ते मात्र देशभराच्या सरासरीचे टक्के. २०१९ साली हा अंदाज ९६ टक्क्यांचा होता. जून देशभर तुटीचा गेला, ऑगस्टात शिरोलीचा रस्ता बुडाला आणि हंगामाची अखेर झाली ती ११० टक्क्यांवर! यात शास्त्रज्ञांस दोष देणे अन्यायाचे होईल. समुद्राच्या तापमानावरून बंधाऱ्यावरचे फूट सांगता येत नाहीत. मध्ये वारे आहेत, घाटमाथा आहे, धरणांचा विसर्ग आहे. तथापि अंदाज कोठवर विश्वासार्ह आणि कोठे अंधारात, हे खोरेनिहाय स्पष्ट लिहून देणे ही शास्त्राचीच जबाबदारी होय. आणि ते वाचून आपण काय केले, हे लिहिणे सरकारची.

मुंबईसाठी २०२० साली सुरू झालेल्या पूरसूचना यंत्रणेत पावसाबरोबर भरती-ओहोटीचाही हिशेब घेतला जातो. पंचगंगेसाठी असा प्रतिवर्षीचा अहवाल मराठीत निघावा. गेल्या हंगामाचे अंदाज किती उतरले, समुद्रातील कोणते मापक बंद पडले, कोणत्या सूचनेवरून धरणांचे कोणते दरवाजे केव्हा उघडले, हे त्यात असावे. आणि तो मेअखेर हाती यावा, म्हणजे शिरोलीतील कारखानदारास पावसाळ्यापूर्वीची मालाची बेगमी त्यावरून ठरविता येईल.