काचेच्या गोळीची बडदास्त

सकाळी ६.३०
जानेवारीत लखनौचा पारा रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. फैजाबाद रोडवर पुढच्या ट्रकचा लाल दिवा धुक्यात दिसेपर्यंत आपण त्याच्या मागे पोचलेले असतो. तिकडे चौकात या दिवसांत सकाळी मक्खन मलाईच्या पराती मांडून बसतात. पण चौक शहराच्या पश्चिमेला आणि माझा कारखाना पूर्वेला, चिनहटकडे. माझ्या वाट्याला चहा आणि खस्ता.

७.००
कारखाना प्लेटिंगचा. माझं काम त्याच्या मागच्या अंगणात, ईटीपीवर: क्रोम-निकेलच्या टाक्यांमधून आलेलं आम्लयुक्त पाणी बाहेर सोडण्याजोगं करायचं. आधी ते आम्ल मारणाऱ्या कॉस्टिक सोड्याची लाइन बघतो. पन्नास टक्क्यांचं कॉस्टिक साधारण १२ अंशांखाली गोठू लागतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत हा विचार कुणाला शिवणारही नाही. इथे पहाटे पंप फिरतोय, ठोके पडताहेत आणि नळीतून थेंब येत नाही, असं होऊ शकतं. कंट्रोलर बिचारा पंपाला वेग वाढवायला सांगत राहतो. म्हणून थंडी सुरू होण्याआधीच आम्ही वीस टक्क्यांवर येतो. ते बनवताना पाण्यात कॉस्टिक, तेही हळूहळू. उलट कधीच नाही. आणि गॉगल लावूनच.

७.३०
आता पीएच मोजणारा प्रोब. सगळ्या स्वयंचलित व्यवस्थेचा भार शेवटी या काचेच्या पातळ गोळीवर असतो. पीएच एका अंकाने बदलला की तिच्यात २५ अंश तापमानाला ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो, बस. गोळीवर हायड्रॉक्साइडचा थर बसला की ती उशिरा आणि चुकीचं सांगते. कंट्रोलर तिच्यावर शंका घेत नाही, पडदा छान हिरवा दिसतो. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवायची, धुवायची, कागदाने टिपायची, पुसायची नाही. मग ७ आणि १० चे बफर. बाटलीवर १०.०१ छापलेलं असतं ते २५ अंशांचं. १० अंशांना तोच बफर १०.१८ असतो. बाटलीवरचा तक्ता न बघता कॅलिब्रेशन करणारे मी खूप पाहिलेत, आणि हिवाळ्यात त्यांचे आकडे का जुळत नाहीत याची चर्चा चहावर चालते.

८.३०
प्लेटिंग सुरू. ईटीपीतली पहिली टाकी क्रोमच्या पाण्याची. इथे उलटा प्रकार: आधी सल्फ्युरिक घालून पीएच दोन-अडीचवर आणायचा, मग मेटाबायसल्फाइट. पिवळं पाणी हिरवं झालं की विषारी षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी झालं. पीएच तीनच्या वर गेला तर हीच क्रिया रेंगाळते. मेटा जास्त पडलं तर नाक आधी सांगतं.

शेजारी सायनाइडच्या पाण्याची टाकी. तिथे पीएच दहाच्या वर ठेवूनच हायपोक्लोराइट सोडतात, कारण आम्ल मिसळलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. या टाकीपर्यंत ॲसिडची नळी मी आणूच दिलेली नाही. सॉफ्टवेअरमधल्या कुलपावर एवढा विश्वास माझा नाही.

१०.००
न्यूट्रलायझेशन. दिवसाचं खरं डोकं इथे खर्च होतं. पीएच २ चं हजार लिटर तीव्र आम्लाचं पाणी ३ वर आणायला कागदावर ३६० ग्रॅम कॉस्टिक लागतं. ३ वरून ४ ला ३६. पुढच्या अंकाला ३.६, त्यापुढे चिमूटभरही नाही. म्हणजे सुरुवातीला मूठ सैल सोडायची आणि सातच्या जवळ थेंब मोजायचे. त्यात घातलेलं कॉस्टिक ढवळून प्रोबपर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात कंट्रोलर अजून ओततो, पीएच अकरावर. मग ॲसिडचा पंप सुरू, पीएच चारवर. दोन्ही पंप दिवसभर एकमेकांची रसायनं खात बसतात. याला आम्ही हंटिंग म्हणतो. ऑपरेटर म्हणतो, “साहब, पीएच फिर नाच रहा है.”

यावर कंट्रोलरचा गेन वाढवणं हा हौशी इलाज. आम्ही टाक्या दोन केल्या: पहिलीत ढोबळ, दुसरीत बारीक, पंपाचे ठोके लक्ष्याजवळ विरळ, आणि मध्ये काहीच न करण्याचा पट्टा. कागदावरचे ग्रॅम इथे जसेच्या तसे लागूही पडत नाहीत. धुण्याचं पाणी बोअरचं, आणि लखनौच्या भूजलात बायकार्बोनेट भरपूर. ते सहा-सातच्या आसपास कॉस्टिक मुकाट गिळतं. कॉस्टिकचा खर्च वाढतो, पण नाच कमी होतो. म्हणून आकडा पुस्तकातून नाही, जार टेस्टवरून घ्यायचा.

त्यात क्रोमियमला खाली बसायला साडेआठच्या आसपासचा पीएच बरा वाटतो, निकेलला दहा. बाहेर सोडायची हद्द ६ ते ९. म्हणून दहावर गाळ बसवून शेवटी पुन्हा थोडं ॲसिड.

१.००
डबा. पीएचची कल्पना १९०९ साली सोरेनसनने मांडली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत. आणि बेकमनने १९३४ मध्ये मीटर बनवला तो कॅलिफोर्नियातल्या लिंबाच्या रसासाठी. बिअर आणि लिंबू! आमच्याकडे गाळ आला.

२.३०
पिकलिंगचं जुनं ॲसिड प्लेटिंगवाल्यांनी एकदम सोडलं. फीडबॅकला हे कळतं ते पाणी प्रोबशी आल्यावर, म्हणजे उशिरा. पुस्तकात यावर फीडफॉरवर्ड नावाचं प्रकरण आहे. आमच्याकडे तो एक फोन आहे: सोडण्याआधी सांगा. आज फोन आला होता, म्हणून ते पाणी मोठ्या समतोल टाकीत अडवून थोडंथोडं पुढे सोडता आलं.

४.००
वीज गेली, आली. वीज परतल्यावर डोसिंग पंप आपोआप सुरू होत नाहीत; ढवळणी आधी, मग प्रोबचा आकडा स्थिर, मग माणसाने बटण दाबायचं.

५.३०
फिल्टर प्रेस उघडला, हिरवट वड्या पोत्यांत. त्या धोकादायक कचरा म्हणून वेगळ्या जातात. रजिस्टरमध्ये आजचा स्लोप, म्हणजे अपेक्षित मिलिव्होल्टपैकी प्रोब किती देतो ते, लिहिला: ८४ टक्के. हा प्रोब निवृत्त. मागणीपत्र भरलं. खरेदी विभागाकडून दर वेळी एकच विचारणा येते, काच तर फुटलेली नाही, मग बदलायची कशाला? या वेळी मी मागणीपत्राला कॉस्टिकच्या महिन्याच्या खपाचा कागद जोडलाय.